सापेक्ष, पण कशाच्या अपेक्षेने?

एका वाचकांचा प्रश्न आहे : “आइन्स्टाइनचा ‘सापेक्षवाद’ म्हणावे, ‘सापेक्षतावाद’ की ‘सापेक्षता सिद्धांत’? आणि ‘सगळे सापेक्ष असते, हे आइन्स्टाइननेच सांगून ठेवले आहे’ असे म्हणणे बरोबर आहे का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते वाक्य ऐकून कान किटले आहेत. नीती सापेक्ष, सौंदर्य सापेक्ष, खरेखोटे सापेक्ष, आणि प्रत्येक वेळी साक्षीला आइन्स्टाइन! त्याने असे काहीही सांगितलेले नाही. १९०५ साली, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करत असताना, २६ व्या वर्षी त्याने जो निबंध लिहिला तो उभा आहे न बदलणाऱ्या दोन गोष्टींवर. एकमेकांच्या तुलनेत एकसमान वेगाने जाणाऱ्या सगळ्या निरीक्षकांना निसर्गाचे नियम तेच. आणि निर्वातातला प्रकाशाचा वेग सगळ्यांना एकच, सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर. हा वेग निरपेक्ष आहे म्हणूनच काळ आणि लांबी सापेक्ष ठरतात. निम्मे वाक्य उचलून त्याच्या नावावर खपवू नये.

आता शब्द. स + अपेक्षा हे शाळेत झाले आहे, ते सोडू. गंमत ‘अपेक्षे’त आहे. आपण तिचा अर्थ आशा एवढाच धरून बसलो. मुळात अप + ईक्ष् : एखाद्या गोष्टीकडे नजर ठेवून पाहणे, ती लक्षात घेणे, तिच्यावर अवलंबून असणे. परीक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा, समीक्षा, निरीक्षक ही सगळी याच ‘ईक्ष्’ची मुले, आणि हा धातू नि ‘अक्षि’ म्हणजे डोळा एकाच मुळाचे मानले जातात.

याच घरातला एक शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो आणि ओळखत नाही : पेक्षा! ‘तो माझ्यापेक्षा उंच’ म्हणजे माझ्या अपेक्षेने उंच, मला नजरेसमोर धरून पाहिले तर उंच. पुढचा ‘अ’ बोलता बोलता झिजला. मराठी-इंग्रजी कोशकार मोल्सवर्थनेही ‘पेक्षा’ची व्युत्पत्ती ‘अपेक्षे’वरूनच दिली आहे. तरीही ‘पेक्षा’ कृत्रिम, अस्सल मराठी ‘हून’च, असा आग्रह धरणारे भेटतात. मला तो मुळीच मान्य नाही. ‘हून’ मध्ये जागा आहे : पुण्याहून निघालो. ‘पेक्षा’ मध्ये नजर आहे. दोन्ही हवेत. आणि मराठीत विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही, हेही पाहा. ‘उंच’ तो उंचच राहतो. बदलते ते फक्त कोणाकडे पाहून म्हणतो ते. ज्या भाषेच्या तुलनेतच निरीक्षकाची नजर बसली आहे, त्या भाषेला हा सिद्धांत अवघड का वाटावा?

इंग्रजी ‘रिलेटिव्ह’ ज्यावरून आला त्या लॅटिन ‘रेलातिवुस’ मध्ये ‘परत नेणे’ आहे, डोळा नाही. म्हणून आपला शब्द मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. १९०५ च्या त्या निबंधात आइन्स्टाइन सुरुवातीलाच विचारतो की ‘गाडी सात वाजता येते’ म्हणजे काय. तर माझ्या घड्याळाचा छोटा काटा सातावर येणे आणि गाडी येणे या घटना एकाच वेळी घडणे. कोणाचे घड्याळ, कुठून पाहिलेले, हे आधी सांगा! हीच अपेक्षा.

व्याकरणकारांना हे फार आधी कळले होते. पतंजलीच्या महाभाष्यात ‘सापेक्षम् असमर्थं भवति’ असे येते : जे पद बाहेरच्या दुसऱ्या पदाकडे पाहत असते ते समासाला असमर्थ. ‘ऋद्धस्य राज्ञः पुरुषः’ (श्रीमंत राजाचा माणूस) चालते. ‘ऋद्धस्य राजपुरुषः’ चालत नाही, कारण ‘श्रीमंताचा’ हे विशेषण समासात कोंडलेल्या राजाला शोधत बाहेर उभे राहते. म्हणून ‘सापेक्ष’ लिहिताना ‘कशाच्या?’ याचे उत्तर तयार ठेवावे. हवामान खात्याच्या ‘सापेक्ष आर्द्रते’ला ते असते : त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल तेवढ्या बाष्पाच्या अपेक्षेने.

राहिला ‘वाद’. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्रात, वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा हे खरे, पण आजच्या मराठीत तो साम्यवादाच्या किंवा भांडणाच्या रांगेत बसतो. सापेक्षतेमुळे जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते हिशेबात धरावेच लागते. हे मत नव्हे. ‘सापेक्षता सिद्धांत’ लिहा. परिभाषा ठरवणाऱ्यांनी ‘वाद’ चालू दिला असेल, तर ती त्यांची चूक आहे.

खुद्द आइन्स्टाइनच्या त्या निबंधाच्या शीर्षकात हा शब्द नाही. तिथे ‘गतिमान वस्तूंची विद्युतगतिकी’ आहे. सापेक्षतेवरून सिद्धांताला नाव दिले ते १९०६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकने. पुढे १९२१ च्या एका पत्रात आइन्स्टाइनने मान्य केले की, न बदलणाऱ्या राशींवरून पडणारे नाव आपल्या पद्धतीला अधिक शोभले असते, पण रूढ नाव आता बदलले तर गोंधळ होईल. ते बदलले असते तर मराठीत आपण ‘अविकारिता सिद्धांत’ असे काही म्हणत असतो, आणि आइन्स्टाइनचा आपल्या ‘पेक्षा’शी काही संबंध उरला नसता.