आजीच्या ओव्या सीडीवर

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवरून सीडीवर घातल्या. कॉम्प्युटरवर वाजतात, पण आजीच्या जुन्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ येतं. दोन सीड्या वाया गेल्या. – एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ओव्या जपताय, फार बरं वाटलं. माझ्या आईच्या ओव्या कुणीच रेकॉर्ड केल्या नाहीत, ती हुरहूर अजून आहे.

सीड्या खराब नाहीत. तुम्ही फायली नुसत्या कॉपी केल्यात, म्हणजे डेटा सीडी झाली. जुन्या प्लेअरला ऑडिओ सीडीच, म्हणजे गाण्यांच्या ट्रॅकच्या रूपात लिहिलेली सीडी लागते. विंडोज मीडिया प्लेअर उघडा, ‘बर्न’वर (म्हणजे सीडीवर लिहिणे) जा, पर्यायांत ‘ऑडिओ सीडी’ निवडा, ओव्या ओढून टाका आणि ‘स्टार्ट बर्न’ दाबा. इथे एमबी मोजू नका, मिनिटं मोजा : 700 एमबीच्या सीडीवर 80 मिनिटंच मावतात. उरलेल्या ओव्या दुसऱ्या सीडीवर. सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या, आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) पुष्कळ जुने प्लेअर वाचत नाहीत. बर्नचा वेग कमी ठेवा.

आपल्याकडची खरी अडचण लाइटची. उन्हाळ्यात माझ्याकडे अर्ध्यातच लाइट गेली आणि सीडी कायमची गेली. उजेडात तिरपी धरली तर आतल्या बाजूने जळालेला गडद पट्टा दिसत होता, मधेच तुटलेला. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच बसा.

नाव मार्कर पेनने लिहा. बॉलपेनच्या टोकाने वरचा पातळ थर ओरखडतो. आणि मूळ रेकॉर्डिंग मोबाइलमधून पुसू नका, पेन ड्राइव्हवरही एक प्रत ठेवा.