रेंजवरचा पहिला महिना

ट्रिगरची घाई झालीय तुला, दिसतंय. पण आधी सेफ्टी फ्लॅग. ती भडक रंगाची दोरी रायफलच्या नळीच्या तोंडातून बाहेर आलेली दिसली, की शेजारच्याला न विचारताच कळतं, आत छर्रा नाही.

'एअर रायफल तर आहे' असं म्हणू नकोस. ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा घालवायला पुरतो. पहिल्याच महिन्यात मी 'रिकामीच आहे' म्हणत मित्राला हाक मारायला रायफलसकट मागे वळलो. नळी सगळ्यांवरून फिरली. सर ओरडले नाहीत. रायफल काढून घेतली आणि आठवडाभर नुसते टार्गेटचे कागद बदलायला लावले. कुणी पुढे गेलं असेल तर रायफलला हातच लावायचा नाही, हे तेव्हा अंगात मुरलं. 'स्टॉप' ऐकलं की बोट आधी ट्रिगरवरून बाहेर, बाकी सगळं मग.

आणि शिसं! छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत. हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला शिवू नकोस.

आणि रायफलचा हवेचा सिलिंडर. त्यात २०० बार दाब असतो. त्यावरची वापराची मुदत बघ. बहुतेकांची १० वर्षं असते. सेकंडहँड घेताना तर आधी तीच.