जर्मनमध्ये बीए झालंय, यूकेत एमए बाय रिसर्च करावं का?
लेक्चर्स हवी असतील तर नका जाऊ. त्यात साधारण वर्षभर तुम्ही, तुमचा गाईड आणि एकच मोठा प्रबंध, बऱ्याच ठिकाणी २५-३० हजार शब्दांचा, क्लास जवळपास नसतातच, म्हणून विषय आधीच पक्का लागतो, नुसतं 'युद्धानंतरचं साहित्य आवडतं' म्हटलं तर कोणी दारात उभं करत नाही, कुठल्या पुस्तकांतलं नेमकं काय शोधणार ते प्रपोजलमध्ये मांडावं लागतं. अर्जाआधी त्याच विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना ईमेल टाकाच. ऑक्सफर्डचं एमफिल मला जास्त बरं वाटतं, २१ महिने, कोर्सपण आणि थीसिसपण, फक्त खर्च बघा बाबा. आपल्याकडचं एमफिल यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी बंद झालंय, त्यामुळे इथल्या जाहिरातींना भुलू नका.