पायवाटा राखायच्या आहेत, पण नोकरी कुठे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका पालकांचे पत्र: “मुलगी बारावी सायन्सला आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाटा सांभाळणारे अधिकारी असतात, असे तिने कुठेतरी वाचले आणि आता तेच धरून बसली आहे. आपल्याकडे असे काही आहे का, की सरळ इंजिनियरिंगला घालू?”

तिने वाचले ते खरे आहे. १९४९ च्या कायद्याने तिथल्या कौंटी कौन्सिलांना पायवाटांचे अधिकृत नकाशे करावे लागले आणि त्यातूनच हे पद आले. गोव्यात त्या नावाचे पद नाही. काम मात्र भरपूर आहे, फक्त विखुरलेले: अभयारण्यातल्या वाटा वन खात्याकडे, गावची पाणंद पंचायतीकडे, मोठा साकव (ओढ्यावरचा पूल) सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि कोणी कुंपण घालून वाट अडवली की प्रकरण मामलेदारांकडे.

म्हणून इंजिनियरिंगचा विचार सोडू नका, सिव्हिल घ्या. डिग्री झेपणार नसेल तर डिप्लोमा. मयेचे सरकारी तंत्रनिकेतन तुम्हाला जवळ पडेल. सर्वेक्षण हा विषय तिने जीव लावून शिकावा. वनरक्षक व्हायचे असेल तर चालण्याची चाचणी असते, कोकणी यावी लागते आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा.

वाट माणसांच्या पायांनी क्वचितच मोडते, ती पाण्याने मोडते. उतारावरून सरळ खाली उतरणारी वाट दोन पावसाळ्यांत व्हाळ, म्हणजे ओढा होते. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी आणि शक्यतो १० टक्क्यांच्या आत हवा. दरीकडे ३ ते ५ टक्के कल ठेवला की पाणी वाटेवर न धावता आडवे निघून जाते. चढाच्या जागी दगडी आडबांध घालतात, तो वाटेला सुमारे ४५ अंश तिरका. काटकोनात घातला तर त्यामागे गाळ साचतो, आणि पुढच्या सरीला पाणी वरून उडी मारते. चिऱ्याच्या पायऱ्या १५ ते १८ सेंटिमीटर उंचीच्या. काठाचा दगड दोन तृतीयांश जमिनीत गाडलेला. सिमेंटचा थर ओतून ‘वाट दुरुस्त’ करणे ही आपली आवडती चूक: कडेने पाणी शिरते, खालची माती निघून जाते आणि लादी अधांतरी राहते.

बांधकाम पाऊस ओसरल्यावर, चर साफ करणे मेमध्ये, मृग लागण्याआधी. रानमोडी हे माजणारे तण बी धरण्याआधी काढावे. नुसते कोयत्याने छाटले तर बुंध्यातून पुन्हा फुटते, मुळासकट उपटावे लागते.

अर्धे काम कागदाचे आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. सर्व्हे नकाशा, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद), जमीन खासगी की कोमुनिदादची, म्हणजे गावकीच्या जुन्या संस्थेची, हे वाचता आले नाही तर चांगली बांधलेली वाटही एका गेटने बंद होते.

आवड खरी आहे का, ते पाहायचे असेल तर येत्या जूनमध्ये तिला गावातली एक पाणंद ५०० मीटर मोजायला सांगा. मोजपट्टी, वही, छत्री आणि गमबूट एवढे पुरे. मुसळधार पावसात एकटीने मात्र नको. पाणी कुठे वाटेवर चढते आणि कुठे उतरते, ते दर २० मीटरला लिहावे. ती वही घेऊन दोघे भेटायला या.