किट कपाटात ठेवा, आधी परात उन्हात मांडा

ताई, सोलर किटचा पंखा फिरला, टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या तासाला आठवीच्या मुलांनी किटकडे ढुंकूनही बघितलं नाही, असं लिहिलंय तुम्ही. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या शाळेतही हेच झालं होतं. पंखा फिरताना दिसतो, पण उन्हात दम किती ते कळत नाही.

म्हणून मी मिठापासून सुरू करतो. शिरोड्याची मिठागरं इथल्या मुलांना ठाऊक असतात, निदान १९३०च्या सत्याग्रहामुळे तरी. जानेवारी-फेब्रुवारीत साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाच्या तीन पराती घ्या. प्रत्येकीत एक लिटर समुद्राचं पाणी. एक तशीच उन्हात, दुसरी तळाला काळं प्लास्टिक अंथरून उन्हात, तिसरी पडवीत. दर तासाला घरच्या डिजिटल काट्यावर वजन.

पडवीतली परात गाळू नका. पहिल्या वर्षी मी ती ठेवलीच नव्हती. एका मुलीने विचारलं, "सर, कपडे सावलीतपण सुकतात ना?" मी गप्प. सावलीतलं पाणीही घटतं, ते काम कोरड्या हवेचं आणि वाऱ्याचं. उन्हातलं त्याहून जास्त किती घटलं, तो उन्हाचा वाटा.

मग फळ्यावर हिशेब. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. परात साधारण ०.१ चौरस मीटर, म्हणजे १०० वॅट. लिटरभर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात, वीजबिलातलं पाऊण युनिटही नाही. भागाकार केला की पावणेसात तास येतात. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस जातात! का, यावर मुलं भांडतात: सकाळचं ऊन तिरपं, स्टील चकाकतं, रात्री परात गार पडते. भांडू द्या, खरा तास तोच.

शेवटी ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार उरतात. जास्त भरले तर आपली दमट हवा. मॅग्नेशियमचे क्षार ओलावा ओढून घेतात. खाडीकाठच्या मुलांना त्यांच्याकडचं पाणी आणायला सांगा, त्यात मीठ कमी निघतं. चाखू मात्र देऊ नका.

किट पावसाळ्यात काढा. ढगाळ दिवशी पॅनेलचा व्होल्टेज फारसा उतरत नाही, करंट मात्र ढासळतो. मल्टीमीटरने दोन्ही मोजायला लावा. करंट मोजल्यावर लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाला. मी दोन फ्यूज उडवलेत.

उघडीप मिळाली की पॅनेलच्या एकाच सेलवर (पॅनेल ज्या छोट्या तुकड्यांचं बनतं, त्यातल्या एकावर) आंब्याचं पान ठेवा. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक अडला की सगळ्यांचा करंट अडतो आणि पंखा मंदावतो, बऱ्याचदा थांबतोच. हे कारण लगेच सांगून टाकू नका. आमच्या वर्गाला ते सापडायला दोन तास लागले होते.