नागपूरच्या पंधरा दिवसांच्या मुक्कामाविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. हिंगणा एमआयडीसीतील प्रशिक्षणासाठी डिसेंबरात पंधरा दिवस नागपूरला राहायचे असून तेथे स्वस्तात स्वस्त लॉज कोठे मिळेल, असे तू विचारले आहेस. औषधविक्री प्रतिनिधीची नोकरी करताना विदर्भातील लॉजांत मी अनेक वर्षे रात्री काढल्या, त्यामुळे एवढे नक्की सांगू शकतो की खोलीचे भाडे आणि रोजचे जाणेयेणे हा एकच खर्च आहे आणि तो एकत्र मांडल्याखेरीज कोणती खोली स्वस्त, हे ठरत नाही. सुरुवातीच्या काळात मी एकदा भाडे कमी म्हणून गावाच्या टोकाला उतरलो आणि मेडिकल व मेयो या रुग्णालयांच्या रिक्षाभाड्यातच तिसऱ्या दिवशी सगळी बचत संपवली. (नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला नुसते ‘मेडिकल’ आणि सीताबर्डीला ‘बर्डी’ म्हणतात, कंडक्टरला विचारताना हीच नावे घे.)

तुझ्या बाबतीत हिशेब सोपा आहे, कारण मेट्रोची ॲक्वा मार्गिका प्रजापतीनगरहून निघून कॉटन मार्केट, सीताबर्डी, शंकरनगर करत लोकमान्यनगरला, म्हणजे हिंगणा रस्त्यावरच संपते. खोली याच मार्गिकेवरील एखाद्या स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी घे. मग ती बर्डीत असो वा धरमपेठेत, रोज गाडी बदलावी लागणार नाही. वर्धा रस्त्यावर खोली घेतलीस, तर खापरीकडून येणाऱ्या ऑरेंज मार्गिकेने सीताबर्डीला उतरून गाडी बदलावी लागेल. त्यात अवघड काही नाही, पण पंधरा दिवस दोन्ही वेळा ते करण्याचे कारण नाही. लोकमान्यनगरहून पुढे कारखान्यापर्यंत काय सोय आहे, कंपनीची गाडी येते की शेअर ऑटो धरावा लागतो, हे प्रशिक्षण देणाऱ्यांनाच आधी विचार. खरी अडचण बहुधा त्या शेवटच्या तुकड्यातच असते.

महिना डिसेंबरचा आहे, ही गोष्ट मात्र हलकी समजू नकोस. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन त्या सुमारास नागपुरात भरते. मंत्र्यांची आणि आमदारांची सोय सरकार करते, पण त्यांच्यामागून येणारे कार्यकर्ते, निवेदने घेऊन आलेले कर्मचारी आणि पत्रकार बर्डी व सिव्हिल लाइन्स परिसरातील खोल्या भरून टाकतात, आणि एरवी घासाघीस करणारा व्यवस्थापक त्या दिवसांत मान वर करून बोलत नाही. शिवाय विधानभवनाकडे निघालेले मोर्चे पोलीस मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड अशा ठिकाणी अडवतात, रस्ते वळवले जातात आणि मोरभवनहून सुटणाऱ्या ‘आपली बस’च्या शहरगाड्या वेळेवर मिळतीलच असे राहत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या मेट्रोला मोर्चा आडवा येत नाही, हे ॲक्वा मार्गिका धरण्याचे दुसरे कारण. तारखा जुळत असतील, तर खोली आजच फोनवर ठरव आणि शक्यतो शंकरनगर किंवा सुभाषनगरच्या बाजूला पाहा.

फोनवर भाडे विचारताना ‘कर धरून किती’ असेच विचार. सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, पण काही ठिकाणी बिल मागितल्यावरच कराची आठवण होते; तुला कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असल्याने बिल हवेच. त्याबरोबर हेही विचार की तेथे चेक-आउट दुपारी बाराचे आहे की चोवीस तासांचे. तू रात्रीच्या बसने पहाटे पाचला गणेशपेठ स्थानकावर उतरलीस, तर बाराच्या पद्धतीत सात तासांतच एक दिवस मोजला जाईल; चोवीस तासांच्या पद्धतीत शेवटच्या दिवशी पहाटे पाचलाच खोली सोडावी लागेल. म्हणून परत निघण्याच्या वेळेचाही विचार करून येण्याची बस निवड. एसटीत स्त्रियांना तिकीट अर्धे आहे, तेव्हा दिवसाची गाडी घ्यायला पैशाची आडकाठी नाही. मी तर दिवसाचीच सुचवीन.

खोली पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नकोस. कडी आतून घट्ट बसते का, हे स्वतः लावून पाहा. खिडकी जिन्याकडे किंवा गच्चीकडे उघडत असेल, तर दुसरी खोली माग, आणि त्यात संकोच करू नकोस. डिसेंबरात नागपूरची थंडी अंगात शिरते, म्हणून गरम पाणी सकाळी किती वाजल्यापासून मिळते ते विचार. आठनंतर म्हणाले, तर ती खोली तुझ्या कामाची नाही. ओळखपत्र म्हणून आधारची मास्क केलेली प्रत दे, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. पूर्ण प्रतीचाच आग्रह धरला, तर मतदार ओळखपत्र पुढे कर.

पहिल्या दिवशी प्रशिक्षणाला जायच्या आधी, रविवारी संध्याकाळी एकदा लोकमान्यनगरपर्यंत जाऊन ये. किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा, शेवटची परतीची गाडी कितीची ते स्थानकावर विचारून लिहून ठेव, आणि ती वेळ मलाही कळव.

तुझा,
काका