भ्रमनिरास, भ्रमनिराशा आणि खोटं निघालेलं आत्मकथन

प्रश्न असा आहे: 'खरी म्हणून वाचलेली आठवणींची दोन पुस्तकं नंतर रचलेली निघाली. त्यांच्याविषयी लिहिताना मी "माझी भ्रमनिराशा झाली" असं लिहिलं, तर एकानं ते चूक ठरवलं. बरोबर शब्द कोणता? आणि अशा पुस्तकाला "काल्पनिक" म्हटलं तर चालेल का?'

शब्द 'भ्रमनिरास' असाच आहे, शेवटी 'स'. निरास म्हणजे दूर सारणं, घालवून देणं. 'शंकानिरसन'मधलं निरसन याच घरातलं. निराशा वेगळी, ती निर् आणि आशा यांची. उच्चार जवळचे आणि दोन्हीकडे मन खट्टू झालेलं, त्यामुळे हातून 'भ्रमनिराश' किंवा 'भ्रमनिराशा' लिहिलं जातं. निरास पुल्लिंगी आहे, म्हणून 'माझा भ्रमनिरास झाला'.

तुमच्या अनुभवाला हाच शब्द नेमका बसतो. पुस्तक कंटाळवाणं निघालं तर तो अपेक्षाभंग. तिथे तुम्ही काहीतरी मिळेल असं धरून चालला होतात आणि ते मिळालं नाही. हिरमोड त्याहून लहान, ठरलेला बेत फिसकटल्यावर होणारा, चार दिवसांत विसरला जाणारा. इथे मात्र पुस्तक कदाचित आवडलंही असेल, रडवूनही गेलं असेल. जे कोसळलं ती अपेक्षा नव्हती, विश्वास होता. 'हे या माणसानं भोगलंय' हा समज भ्रम होता, हे कळलं. आवडलेल्या पुस्तकाच्या बाबतीत हे जास्त लागतं, आणि 'निराशा झाली' या सरसकट शब्दात ते दिसत नाही.

याच्याच शेजारी आणखी एक जोडी आहे, तिच्याकडे फार लक्ष दिलं जात नाही: फसगत आणि फसवणूक. फसणे या क्रियापदापासून फसगत, फसवणे या प्रयोजकापासून फसवणूक. फसगतीला फसवणारा लागत नाही. आत्मचरित्रात्मक कादंबरी कोणी चरित्र समजून वाचली तर वाचकाची फसगत झाली. लेखकानं काही लपवलेलं नव्हतं. मुखपृष्ठावर 'आत्मकथन' छापून रचलेली गोष्ट विकली, तर ती फसवणूक. परीक्षण लिहिताना हा फरक पाळायला हवा, कारण दुसरा शब्द आरोप आहे आणि त्याला पुरावा लागतो.

म्हणूनच 'काल्पनिक' मला पटत नाही. तो शब्द निर्दोष आहे; कादंबरी काल्पनिकच असते आणि त्यात तिचं काही वाईट नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन रूपं समोरासमोर बसवणं ही रचना झाली, खोटेपणा नव्हे, कारण वाचकाला ती उघड दिसते. दोष कल्पना करण्यात नसतो, 'हे घडलं' अशी हमी देण्यात असतो. 'काल्पनिक' म्हटलं की नेमकी ती हमी मोडल्याची गोष्ट झाकली जाते.

खोटेपणाच्या प्रतीही सारख्या नसतात आणि मराठीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत. जेम्स फ्रे या अमेरिकी लेखकाचं व्यसनमुक्तीवरचं पुस्तक २००३ साली आलं. त्यानं जवळजवळ तीन महिने तुरुंगात काढल्याचं लिहिलं होतं. जानेवारी २००६ मध्ये उघड झालं की तो काही तासच अटकेत होता. व्यसन खरं, उपचार खरे, तुरुंगवास फुगवलेला. याला आपल्याकडे 'पदरचं घालणं' म्हणतात. 'तिखटमीठ लावणं' इथे सौम्य पडतं, कारण त्यात घटना तीच राहते, फक्त चव वाढते.

मिशा डेफोन्सेका हिचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात एकटी ज्यू मुलगी पायी युरोपभर फिरली आणि लांडग्यांनी तिला सांभाळलं, अशी कहाणी तिनं १९९७ मध्ये स्वतःची म्हणून छापली. २००८ साली तिनं कबूल केलं की ती ज्यू नाही आणि युद्धकाळात ती ब्रुसेल्समध्येच होती. कहाणीसाठी 'कपोलकल्पित' चपखल आहे: कपोल म्हणजे गाल, म्हणजे नुसत्या तोंडानं रचलेलं. पण तिनं घेतलेल्या ओळखीसाठी शब्द 'तोतया'. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला तो तोतया, आणि दुसऱ्यांचं दुःख आपलं म्हणून मिरवणाराही तोतयाच. हा शब्द माणसाला लावावा, पुस्तकाला नाही.

'बनावट' आणखी वेगळा. बनावट नोट, बनावट दस्तऐवज. कुणाच्या तरी अस्सल वस्तूचं सोंग घेतलेली वस्तू. १९८३ मध्ये एका जर्मन साप्ताहिकानं हिटलरच्या म्हणून छापायला घेतलेल्या रोजनिशा बनावट होत्या. त्या कोनराड कुयाऊनं लिहिल्या होत्या आणि कागद युद्धानंतरचा निघाला. स्वतःच्याच नावानं स्वतःविषयी खोटं लिहिणाऱ्याचं पुस्तक या अर्थानं बनावट नसतं.

मात्र प्रत्येक चूक या शब्दांच्या वाट्याला देऊ नये. साल चुकणं, दोन भेटींची एक होणं, याला 'गल्लत' किंवा 'विस्मरण' पुरे. अशा चुका वाटेल त्या दिशेनं होतात, कधी लेखकाला हलकं करणाऱ्याही असतात. रचलेल्या गोष्टी बहुधा एकाच बाजूला झुकतात: सांगणारा दर वेळी जास्त सोसलेला, जास्त धाडसी.

वाचतानाच सावध व्हायचं असेल तर क्रियापदं बघा. 'आई म्हणायची, शिकून मोठी हो' या वाक्यात अनेक वेळचं बोलणं एकत्र आलं आहे, आणि '-आयची' ते प्रामाणिकपणे सांगते. 'त्या संध्याकाळी आई म्हणाली' आणि पुढे अवतरणात दहा ओळी आल्या, की लेखक त्या क्षणाची, त्या शब्दांची साक्ष देतोय. तेव्हा तो चार वर्षांचा असेल तर विचार करावा. तसंच 'मी पाच वर्षांची असेन' आणि 'मी पाच वर्षांची होते'. पहिल्यात अंदाज अंदाज म्हणूनच येतो. 'असेन', 'असावं', 'म्हणे', 'पुढे कळलं ते असं' ही रूपं आठवणींच्या लेखनात मधूनमधून यायलाच हवीत. लहानपणाच्या दोनशे पानांत एकही नसेल, तर ती सलग खात्री संशयास्पद आहे. पुरावा म्हणून नव्हे, इतर नोंदी पडताळायचं कारण म्हणून.

तुमचं वाक्य मग असं लिहिता येईल: 'आत्मकथन म्हणून छापलेलं हे पुस्तक कपोलकल्पित निघालं आणि माझा भ्रमनिरास झाला.' घटना खऱ्या पण फुगवलेल्या असतील तर: 'लेखकानं मुख्य प्रसंगात पदरचं घातलं आहे.' आणि लेखकानं ते कबूल केलं असेल, किंवा नोंदींवरून सिद्ध झालं असेल, तर 'वाचकांची फसवणूक' बिनदिक्कत लिहा.